संगतीचा गुण



ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, अशी आपल्याकडे म्हण आहे. युरेनियम या धातूला ती अपुरी पडते. संगत पालटली, की त्याचा गुण पालटतो आणि पुष्कळदा वाणही.

१७८९ मध्ये क्लाप्रोट या जर्मन रसायनज्ञाने युरेनियम शोधून काढले. त्याच्या अणुकेंद्राच्या भंगाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. मला सांगावयाचे आहे ते केंद्राबाहेरील इलेक्ट्रॉनांविषयी. सहा इलेक्ट्रॉन दिलेल्या युरेनियमची संयुगे बहुधा पिवळी, चार दिलेल्याची हिरवी. तीनच देऊन थांबलेले युरेनियम मात्र चौथा देण्यास इतके उतावीळ असते, की पाण्यातूनही ते हायड्रोजन मुक्त करते.

या उतावीळपणाला वळण लावतात ते धातूभोवती कडे करून बसलेले रेणू वा आयन. त्यांना लिगंड म्हणतात. ते इलेक्ट्रॉन सढळपणे पुरवीत असले, तर धातूला आपले इलेक्ट्रॉन सोडणे सोपे जाते. ते आकाराने मोठे असले, तर बाहेरच्या रेणूला आत शिरण्याची वाट अरुंद होते.

कार्स्टन मायर आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियात केलेले प्रयोग पाहा. त्रिसंयुजी युरेनियमभोवती त्यांनी तीन बाहूंचा एक लिगंड बसविला. बाहूंवर लहान गट होते तेव्हा धातूने कार्बन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन हिरावून घेतला; तो दोन युरेनियम अणूंमधील पूल बनला आणि कार्बन मोनॉक्साइड सुटला. त्या गटांच्या जागी अ‍ॅडमँटिलचे भरदार गट येताच दोन धातू जवळ येईनात. तेव्हा २००४ मध्ये दिसून आले, की कार्बन डायऑक्साइडचा रेणू एक इलेक्ट्रॉन स्वीकारून, न मोडता, धातूवर सरळ उभा राहिला आहे. धातू तोच, वायू तोच. बदलले ते केवळ कुंपण.

२०१३ मध्ये अर्व्हाइन येथील विल्यम एव्हान्स यांच्या गटाने द्विसंयुजी युरेनियमचे स्फटिक मिळविले. पुढल्याच वर्षी मायर यांनी निराळ्या लिगंडाने तीच अवस्था साधली. पहिल्यात चौथा इलेक्ट्रॉन ६डी कक्षेत राहिला, दुसऱ्यात चारही ५एफ कक्षांत. अवस्था एक, बिऱ्हाडे दोन!

हा केवळ प्रयोगशाळेतील खेळ नव्हे. भूगर्भात चतुःसंयुजी युरेनियम बहुधा खडकालाच धरून असते. त्याचे ऑक्सिडीभवन होऊन कार्बोनेटाची जोड मिळाली, की ते विरघळून पाण्याबरोबर चालू लागते. आंध्र प्रदेशात तुम्मलपल्ले येथे खनिजातून युरेनियम काढताना याच गुणाचा उपयोग होतो. आणि याच गुणामुळे ते विहिरीतही उतरू शकते. म्हणून पाण्यात धातू किती, एवढे विचारून भागत नाही. त्याच्या सोबतीला कोण आहे, हेही विचारावे लागते.