फीडमध्ये न येणारं अंगण

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे घराची सजावट. घाबरू नका, 'पाच हजारांत हॉल बदला' असला भाग नाही हा. घर सजवायच्या कल्पना आपण शोधतो कुठे, आणि ज्या सापडतात त्या नक्की कोणाच्या घरासाठी असतात, एवढंच बोलायचंय. मला हे कळलं ते हेमलकशात. हो, तेच हेमलकसा. गडचिरोली जिल्हा, भामरागड तालुका, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा लोक बिरादरी प्रकल्प जिथे आहे ते.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझी आई शिक्षिका. हेमलकशाच्या आजूबाजूच्या गावांतल्या शाळांमध्ये तिनं ३१ वर्षं शिकवलं. ही सगळी वर्षं आम्ही दुसऱ्याच्या घरात काढली. कधी क्वार्टर, कधी भाड्याची खोली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी विचारावं लागायचं. बाबांची फोटोफ्रेम सुद्धा बरेच दिवस कपाटावर उभी होती, खिळा नव्हता म्हणून. बाबा २०१९ मध्ये गेले. आई २०२३ मध्ये रिटायर झाली आणि आम्ही आलापल्लीत प्लॉट घेतला. हेमलकशापासून साठेक किलोमीटर. तिचं पहिलं स्वतःचं घर, आणि त्यात ती एकटी राहणार.

मग मी काय केलं? पिंटरेस्टवर बोर्ड बनवला. नाव दिलं 'आईचं घर'. तीन महिन्यांत ४१२ फोटो. जापांडी स्टाइलची बैठक, म्हणजे थोडं जपान, थोडं स्कँडिनेव्हिया. पन्हाळीसारख्या रेघांचे भिंतीचे पॅनल. मागं हिरवंगार लॉन, पांढरे गोटे, छोटं कारंजं. आणि माझ्या मनाच्या समाधानासाठी सहा फूट उंच कंपाउंड, व्हिडिओवाली डोअरबेल, चार कॅमेरे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला मोबाइलवर सगळं दाखवलं. तिनं चष्मा लावून शांतपणे पाहिलं. विद्यार्थ्याची वही तपासतात ना, तसं. मग म्हणाली, "छान आहे. पण बाबू, हे रोज कोण पुसणार?" थोडं पुढे सरकवून परत थांबली. "आणि ह्या फोटोंत माणसं काहून नाहीत?"

मी बोर्ड परत पाहिला. ४१२ फोटोंत माणसं होती फक्त अकरा. त्यातली चार पाठमोरी.

आता हे असं का होतं, ते मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. कारण माझं कामच ते आहे. शॉपिंग ॲपमध्ये 'तुम्हाला हेही आवडेल' असं जे खाली येतं, त्याचा कोड मी लिहितो. त्यातली एक मुख्य पद्धत अगदी साधी आहे. तुमच्यासारख्या लोकांनी ज्यावर बोट ठेवलं, तेच तुमच्यापुढे आणायचं. मग तुम्ही त्यावर थांबलात की त्याच जातीचं आणखी. आता 'तुमच्यासारखे' म्हणजे कोण? माझ्या केसमध्ये, पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी, रात्री फोन चाळणारी, चांगला डेटा पॅक असलेली पोरं. आईसारखी बाई त्या हिशोबात कुठेच नाही. भामरागडच्या जंगलात ज्यांनी उत्तम घर बांधलंय, त्यांनी त्याचा फोटो अपलोडच केलेला नाही. तिथे अजूनही कित्येक गावांत रेंज शोधत टेकाडावर जावं लागतं. जे अपलोड झालं नाही, ते ट्रेंडमध्ये येणार कसं? सिस्टिममध्ये बिघाड काही नाही. तिला तेवढंच माहीत आहे.

मार्चमध्ये मी परत गेलो, आणि आई म्हणाली, "चल, तुला घरं दाखवते." आम्ही सकाळच्या बसनं हेमलकशाला गेलो आणि तिथून तिच्या जुन्या विद्यार्थ्याच्या बाइकवर ट्रिपल सीट त्याच्या गावी. माडिया गाव. त्याचं घर म्हणजे लाकडी खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यावर मातीचा गिलावा, वर कवेलू. समोर पडवी, पडवीपुढे अंगण, भोवती बांबूचं कुंपण. मोह वेचायचे दिवस होते, त्यामुळे अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली. आणि मी तिथे उभा, डोक्यात लॉन घेऊन! लॉन लावलं असतं तर ही माणसं मोह वाळवणार कुठे? धान झोडणार कुठे? ते अंगण वर्षभर कामाला असतं. उन्हाळ्यात मोह, हिवाळ्याच्या तोंडावर धान, रात्री खाटा.

मी सवयीनं फोन काढला. तो दादा हसून म्हणाला, "सर, आधी बसा. पाणी प्या. फोटो मग काढा." मला जरा लाजच वाटली. रील बनवणारे येतात, न विचारता घरात शिरतात, चुलीजवळच्या बाईचा व्हिडिओ काढतात आणि 'ट्रायबल एस्थेटिक' लिहून टाकतात. मीही तेच करायला निघालो होतो.

मग आम्ही पडवीत बसलो. पाऊण तास. तेवढ्या वेळात रस्त्यानं जाणारी नऊ माणसं थांबली. मी मोजली. कोणी आईला नमस्कार केला, कोणी नुसतं विचारलं कधी आल्या, एक आजीबाई येऊन बसल्याच. कुंपण कमरेएवढं. बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्याला बसलेला माणूस दिसतो. परत येताना आई बसमध्ये म्हणाली, "मला हे पाहिजे. भिंतीवर काय लावायचं ते तू पाहा. पण मला कोणी येता-जाता दिसलं पाहिजे."

माझं सहा फुटी कंपाउंड तिथेच पडलं.

मला तेव्हा आमटे कुटुंबाचं अंगण आठवलं. १९७३ च्या डिसेंबरात प्रकल्प सुरू झाला तेव्हा दवाखाना झाडाखाली होता. पुढे लोकांनी आणून दिलेली जंगलातली अनाथ पिल्लं, बिबटे, अस्वलं, हरणं, घराच्या आवारातच वाढली. ते आवार कसं दिसावं, हे तिथे कोण येणार यावरून ठरलं.

आता भिंतीचं सांगतो. माझ्या बोर्डवर 'गोंड आर्ट' नावानं वीसेक फोटो होते. ठिपक्या-रेघांनी भरलेली हरणं, झाडं. मी म्हटलं, आई, हे तर तुझ्या भागातलं! ती म्हणाली, "३१ वर्षांत मी कोणत्या घरावर हे पाहिलं नाही." तिचं बरोबर होतं. ती चित्रशैली प्रधान गोंड कलाकारांची, मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढची. जनगढ सिंह श्याम यांनी १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनातून ती जगापुढे आणली. आणि पांढऱ्या त्रिकोणी माणसांची वारली चित्रं पालघरकडची. जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही कला थोर आहेत, घरात जरूर लावा. पण कोणाची आहे ते माहीत करून घ्या, आणि जमलं तर स्टिकरऐवजी कलाकाराच्या हातचं चित्र घ्या. आम्ही गेलो त्या घरात भिंतीवर चित्र नव्हतंच. खुंटीला टोपल्या, मासे धरायचा बांबूचा सापळा, पाण्याचा तुंबा. रोज लागणाऱ्या वस्तू, पण टांगल्या अशा नीट की नजर तिथेच जाते.

आणखी एक गंमत. पँटोन कंपनी दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २०२५ चा होता मोका मूस. मी मोठ्या उत्साहात आईला दाखवला. ती म्हणाली, "हा तर सारवलेल्या भिंतीचा रंग आहे."

पण थांबा. 'जुनं तेच सोनं' असं मी म्हणत नाहीये. मी जोशात आईला म्हटलं होतं की आपण मातीच्याच भिंती करू, कवेलूच टाकू. ती वैतागली. "सारवायला गुडघे तुझे आहेत का? पावसाळ्याआधी कवेलू फेरायला कोण चढणार वर? माकडं फोडतात ते वेगळं." मातीची भिंत सुंदर दिसते, कारण दरवर्षी कोणीतरी बाई ती लिंपते. फोटोत ते कष्ट दिसत नाहीत. आईला टाइल्सचं न घसरणारं बाथरूम हवं होतं, कमोड हवा होता, उंच खिडक्या हव्या होत्या. ते तिचं सुख. त्याला 'ऑथेंटिक नाही' म्हणणारा मी कोण?

मग शेवटी काय केलं? विटांच्या भिंती, आतून चुन्याचा पांढरा, बाहेरून तो सारवणाचा रंग. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पावसाळा धो-धो, म्हणून पश्चिमेला मोठी काच नाहीच आणि छताचे पाखे चांगले बाहेर काढले. दारं सागवानाची. आलापल्लीचं सागवान नावाजलेलं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं. आणि मी पुण्यातल्या फ्लॅटला काय लावलंय? सागवानाच्या डिझाइनचा सनमायका. हसा, हसा.

समोर दहा फूट रुंद पडवी, तिला बांबूचा मांडव. इथे माझा एक जुना अनुभव कामी आला. पुण्यात मी ऑनलाइन बांबूचा पडदा मागवला होता. आठ महिन्यांत खाली पिठासारखा भुगा पडायला लागला. घुण. बांबूत स्टार्च असतो, तो खायला किडा येतो. म्हणून बांबू तीन वर्षांचा तरी पक्व हवा, पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून मुरवलेला. पावसाचं पाणी थेट लागणार नाही अशा जागी वापरायचा. आम्ही मानवेल घेतला, जवळजवळ भरीव असतो तो. आणि बांबूचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट माहीत असू द्या. आमच्याच जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावानं आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. पुण्याच्या कॅफेत बांबूचा लॅम्प बघताना हे आठवलं तरी पुरे.

पडवीच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून एक लांब ओटा. कंपाउंड तीन फूट. अंगणात दाबून बसवलेला मुरूम आणि प्लॉटवर आधीपासून असलेला कडुनिंब. कॅमेरा एक लावला, माझ्या हट्टाखातर.

आता तुमच्यासाठी, घर करताय किंवा नुसती खोली लावताय, तरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी.

पहिली, फोटो आवडला की तो कुठला आहे ते शोधा. इमेज सर्च आहेच. डेन्मार्कचं घर ऊन आत घ्यायला बांधलेलं असतं. आपल्याला ऊन बाहेर ठेवायचं असतं.

दुसरी, सर्चमध्ये स्टाइलचं नाव टाकण्याऐवजी गरज टाका. 'पावसात बसता येईल अशी बाल्कनी' असं मराठीत टाकून बघा. फीड हळूहळू बदलतो. माझ्या अनुभवावर आणि माझ्या नोकरीवर विश्वास ठेवा.

तिसरी, आठवड्यातून एक खरं घर बघा. मावशीचं, मित्राच्या गावचं. बसा, चहा घ्या, विचारा की या घरात तुम्ही सगळ्यात जास्त कुठे बसता? फोटो परवानगी घेऊनच.

चौथी, जो झाडणार-पुसणार, त्याचं मत आधी. तो तुम्ही नसाल तर तुमचं मत नंतर.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. घर एप्रिल २०२५ मध्ये झालं. त्याच पावसाळ्यात एकदा सलग पाऊस लागला. पर्लकोटेला पूर आला की हेमलकसा-भामरागड रस्ता बंद होतो, हे आमच्या भागात नेहमीचंच. पण या वेळी आलापल्लीतही लाइट गेली, मग टॉवर गेला. मी पुण्यात. कॅमेऱ्याचं ॲप उघडलं की 'डिव्हाइस ऑफलाइन'. दोन दिवस मी तेच रिफ्रेश करत होतो. झोप नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. आईच. म्हणाली, "समोरच्या बाईंच्या भावाचा फोन आहे, रेंज पकडायला चौकात आलो आम्ही. मी बरी आहे. इथं ओट्यावर रोज सहा-सात जणी असतात, त्यांच्या घरात अंधार, माझ्याकडे निदान कंदील आहे. तू जेवलास का?"

मी जेवलो नव्हतो. तेव्हा जेवलो.

बाबांची फोटोफ्रेम आता पडवीच्या आतल्या भिंतीवर आहे. खिळा आईनं स्वतः ठोकला, जरा वाकडा. तो तसाच ठेवलाय.

तुमच्या घरातला असा एखादा कोपरा असेल, जो कोणत्याच फीडमध्ये येणार नाही, तर त्याबद्दल आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. काळजी घ्या, आणि आता फोन ठेवून झोपा. भेटूया!