बटणाचा लॉक

रोवणीच्या दिवसांत बांधीत ट्रॅक्टरचं एक चाक गरगर फिरतं अन् दुसरं हलत नाही, हे भंडारा जिल्ह्यात कोणी पाहिलं नाही? डिफरन्शियल लॉक लावला की दोन्ही चाकं बरोबर फिरतात. ट्रॅक्टरला तो पायानं दाबायचा असतो. आमच्या गटाच्या जुन्या जीपला आम्ही बटणाचा बसवून घेतला.

वायरिंग होईस्तोवर आम्ही तिथंच उभ्या होतो. बॅटरीपासून जाड वायर, मग फ्यूज, मग रिले, तिथून मागच्या एक्सलपर्यंत. बटण फक्त रिले चालू करतं, त्याला बारीक वायर पुरते. मिस्त्रीभाऊ फ्यूज बटणाजवळ लावत होते. आम्ही तो बॅटरीला लागूनच लावायला सांगितला. फ्यूजच्या अलीकडे वायर घासून लोखंडाला टेकली तर फ्यूज उडत नाही, वायरच पेटते. एक्सल वरखाली होतो, म्हणून तिथं वायर थोडी सैल सोडली.

दिवा मात्र राहिला. बटण बंद केलं तरी ताणामुळं लॉक कधी थोडा वेळ अडकून राहतो. डांबरी रस्त्यावर वळताना गाडी सरळच ओढू लागली, समोर नाला! दुसऱ्याच दिवशी लॉकमधल्या सेन्सरवरून दिवा जोडला. तो विझल्याशिवाय आम्ही आता स्टिअरिंग वळवत नाही.