निर्गुडीचा पाला आणि आमवात
सांधा धरला की निर्गुडीचा पाला शेकून बांधायचा, हा मानवतला आमच्या घरचा रिवाज. आईची बोटं सकाळी तासभर वळत नसत. तरी आम्ही पाल्यावरच वर्ष काढलं. बोटं वाकडी झाली, तेव्हा डॉक्टर गाठले.

वनौषधी थोतांड नाहीत. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण आमवाताच्या रुग्णांना १६ आठवडे देऊन पाहिलं. २००० साली निष्कर्ष छापून आले. सूज काहीशी उतरली. पण एकंदर गुण बिनऔषधी गोळीपेक्षा ठळकपणे जास्त दिसला नाही.

शेकानं ठणका कमी होतो, सांधा आतून खाणारा दाह थांबत नाही. पाला जरूर बांधा. पण रक्त वेळेवर तपासून घ्या आणि डॉक्टरांची गोळी परस्पर सोडू नका. आईची बोटं आता सरळ व्हायची नाहीत. तुमच्या घरची वाचवा.