रेशनकार्ड : हक्क आणि जबाबदारी
(मंडळाच्या सभेतील भाषण)



खोटे उत्पन्न दाखवून कार्ड घेणे म्हणजे शेजारच्या गरीब विधवेच्या ताटातले काढणे. त्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा होऊ शकतो. उत्पन्न वाढले, घरातले माणूस वारले, तर स्वतःहून कळवा.

पण चोर शोधताना खऱ्या गरिबाचेच नाव कापले तर? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी दरमहा 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क दिला आहे. ती भीक नव्हे. लेखी कारण मागा, अर्जाची पोच घ्या. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करा.

कानडी कागद समजत नसेल तर मंडळात या. समजून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका.