कोडे सुटते म्हणजे काय?



आबालवृद्धांसाठी तर्काची कोडी, असा आजचा विषय आहे. आजोबा आणि नातू एकाच पंक्तीला बसू शकतील असे विषय फार थोडे. त्यांतला हा एक. आणि या पंक्तीत पुष्कळदा नातवाचे पान आधी आटोपते. असे का व्हावे? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्ञान कमी पडल्यामुळे कोडे सहसा अडत नाही. कोड्यात नसलेले काहीतरी आपण पदरचे त्यात घालतो, म्हणून ते अडते. वय वाढते तसे पदरात असले सामानही वाढते.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा यांचे कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. युरोपात हेच कोडे लांडगा, शेळी आणि कोबी यांचे आहे. शार्लमेन राजाच्या दरबारातील विद्वान अल्क्विन इ. स. ८०४ मध्ये वारला. त्याच्या नावावर मोडणार्‍या एका लॅटिन संग्रहात ते सापडते. तरुणांची बुद्धी धारदार करणारे प्रश्न, असा त्या संग्रहाच्या नावाचा अर्थ आहे. नावेत नावाड्याबरोबर एकालाच जागा. वाघाजवळ शेळी ठेवता येत नाही, शेळीजवळ गवत ठेवता येत नाही. शेळीला प्रथम पलीकडे न्यावे, हे सर्वांना सुचते. पुढे वाघाला नेल्यावर माणूस थबकतो. कारण पलीकडे नेलेली शेळी परत अलीकडे आणावयाची, हे त्याच्या मनाला पटत नाही. नेलेले परत आणू नये, असे कोड्यात कोणी म्हटले आहे काय? कोणीही नाही. ती अट आपण घातली. ती काढून टाकली की सात खेपांत सर्वजण सुखरूप पलीकडे जातात.

आता थोडे अवघड कोडे घेऊ. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली ते मांडले. मी ते आपल्या अक्षरांत सांगतो. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर व दुसर्‍या बाजूस आकडा आहे. वरून दिसतात ते असे: अ, क, ४ आणि ७. कोणी म्हणतो, 'ज्या पत्त्यावर स्वर आहे, त्याच्या मागे सम संख्या आहे.' हे म्हणणे खरे की खोटे, ते ठरविण्यासाठी कोणते पत्ते उलटून पाहिलेच पाहिजेत? क्षणभर थांबून आपापले उत्तर मनाशी धरा.

बहुतेकांचे उत्तर 'अ आणि ४' असे असते; काहींचे नुसते 'अ'. अ उलटला पाहिजे हे बरोबर. पण ४ कशाला? त्याच्यामागे स्वर निघाला तर ठीक. व्यंजन निघाले तरी काही बिघडत नाही, कारण व्यंजनामागे काय असावे याविषयी तो गृहस्थ काहीच बोललेला नाही. म्हणून क देखील उलटावयाचा नाही. उलटावयाचा तो ७. त्याच्यामागे स्वर निघाला तर सारे म्हणणे कोसळले. वेसनने हे कोडे सुशिक्षितांना घातले, तेव्हा बरोबर उत्तर देणारे फार थोडे निघाले. आपण चुकला असाल तर आपल्याला सोबत पुष्कळ आहे.

गंमत पुढेच आहे. १९८२ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी हेच कोडे निराळा वेष चढवून विद्यार्थ्यांपुढे ठेवले. तुम्ही पोलीस आहात असे समजा. बिअर पिणार्‍याचे वय १९ च्या वर असले पाहिजे, हा नियम. समोर चार जण: एक बिअर पितो आहे, एक कोक पितो आहे, एकाचे वय १६ आणि एकाचे २२. कोणाची चौकशी कराल? बहुतेकांनी तत्काळ सांगितले, बिअर पिणार्‍याची आणि १६ वर्षांच्या मुलाची. कोडे तेच, सांगाडा तोच. तरी येथे ७ चा पत्ता आपोआप हाती आला. म्हणजे तर्क आपल्याजवळ नाही असे नव्हे. लबाडी पकडावयाची असली की तो जागा होतो. समोरचे म्हणणे नुसते ऐकावयाचे असले की झोपी जातो, आणि मग आपण त्या म्हणण्याला अनुकूल असलेलेच पत्ते उलटीत बसतो.

ही झोप महाग पडते. एखाद्या शिकवणीवर्गाच्या फलकावर वरच्या नंबरांत आलेल्या मुलांची छायाचित्रे असतात. 'आमच्याकडे आलेला विद्यार्थी यशस्वी होतोच', असे खाली लिहिलेले असते. ती छायाचित्रे म्हणजे आपला ४ चा पत्ता. ज्यांना यश आले नाही ती मुले कोणत्या वर्गाला जात होती, हा ७ चा पत्ता. तो फलकावर कधीच नसतो. फी भरण्यापूर्वी तो आपणच शोधावा लागतो. येथे निदान पैसेच जातात. पण 'अमक्या आळीतला माणूस म्हणजे लबाड', असे म्हणून आपण चार लबाडांची नावे मोजतो, तेव्हा एका सबंध आळीची अब्रू जाते. तेथे विचारावयाचा प्रश्न निराळा असतो: माझ्या माहितीतली सचोटीची माणसे राहतात कोठे? त्यांतला एक जरी त्या आळीत निघाला, तरी ते म्हणणे संपले. कोड्यातला ७ उलटावयाला चुकलो तर कोणाचे नुकसान होत नाही. म्हणून ही सवय कोड्यांवर करून घ्यावी, हे स्वस्त.

म्हणून मुलांना कोडी घालताना एवढे करा. उत्तर सांगण्याची घाई करू नका. मुलाने उत्तर दिले तर 'शाबास' म्हणण्यापूर्वी विचारा, 'हे चूक असते तर ते कशावरून कळले असते?' मुलाने हाच प्रश्न उलट आपल्याला विचारला तर रागावू नका. त्या दिवशी कोडे खरोखर सुटले, असे समजा.

आंब्याचे दिवस आहेत, तेव्हा जाताना एक पेटी बरोबर देतो. एक नव्हे, तीन. एकीत सगळे हापूस, दुसरीत सगळे पायरी, तिसरीत दोन्हींची सरमिसळ. पेट्यांवर 'हापूस', 'पायरी' आणि 'मिश्र' अशा चिठ्ठ्या आहेत. पण व्यापार्‍याच्या पोराने एकही चिठ्ठी योग्य पेटीवर लावलेली नाही. आपण कोणत्याही एकाच पेटीतून, आत न डोकावता, एकच आंबा काढावयाचा आणि तेवढ्यावरून तिन्ही पेट्या ओळखावयाच्या. हात कोणत्या पेटीत घालाल? चिठ्ठी खोटी आहे हे ठाऊक असणे, हीदेखील एक माहितीच आहे, एवढेच सुचवितो. उत्तर मी सांगणार नाही. घरी पोहोचेपर्यंत नातवाने ते काढले, तर आजोबांनी ते निमूटपणे ऐकून घ्यावे आणि मग त्याला ७ चा पत्ता उलटावयास सांगावे.