भिलाईला हवा आहे तो आडवा रस्ता

भिलाईत वाहतुकीचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून जी. ई. रोडवर येतं. रायपूरहून दुर्गकडे जाणारा हा जुना ग्रेट ईस्टर्न रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३, शहराच्या मधोमध पूर्व-पश्चिम धावतो. त्याला लागूनच हावडा-मुंबई रेल्वेमार्ग आहे. कोंडी झाली की उपाय ठरलेला असतो: हा रस्ता रुंद करा, नाहीतर त्याच्या डोक्यावर पूल चढवा. मला वाटतं, भिलाईची अडचण या रस्त्याच्या लांबीरुंदीत नाही. ती तो ओलांडण्यात आहे. म्हणून भर शहरातला पुढचा रस्ता वाढवायचाच असेल, तर तो रूळ ओलांडून उत्तर-दक्षिण वाढवावा.

हे शहर वसलं कसं ते आठवावं. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, आणि रुळांच्या दक्षिणेला सेक्टरांचं आखीव नगर उभं राहिलं. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूसारखे प्रशस्त रस्ते, दुतर्फा झाडं, सेक्टरातच शाळा आणि बाजार. उत्तरेला सुपेला, कॅम्प आणि पॉवर हाउसचा भाग मात्र आपापल्या गरजेने, वाट फुटेल तसा वाढला. कारखाना एकच, पण त्याच्या आधारावर जगणारी माणसं रुळांच्या दोन्ही बाजूंना विखुरली. त्यांना जोडायला मोजके अंडरब्रिज आणि पूल आहेत. संध्याकाळी या मोजक्या तोंडांवर काय होतं? सेक्टरातून निघालेला स्कूटरवाला अंडरब्रिजचा चढ चढून वर येतो तो थेट महामार्गाच्या चौकात. त्याला उजवीकडे वळायचं असतं, डावीकडच्या तोंडाशी ऑटो सवारीसाठी थांबलेले असतात, दुर्गची बस मधल्या मार्गिकेतच माणसं उतरवते, आणि पायी चालणारा दुभाजकाच्या फटीतून अंग चोरून पलीकडे जातो. सुपेला आणि पॉवर हाउसच्या उड्डाणपुलांनी लांब पल्ल्याचे ट्रक वर नेले, हे चांगलंच झालं. पण भाजीला निघालेला माणूस उड्डाणपुलावरून जात नाही. त्याचा चौक पुलाखाली जिथे होता तिथेच आहे.

सुरक्षेचा हिशेबही याच दिशेला बोट दाखवतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत जवळपास निम्मी दुचाकीवरची होती आणि साधारण पाचवा हिस्सा पादचारी. म्हणजे रस्ता आखताना ज्याचा विचार शेवटी होतो, तोच आधी मरतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एका टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते. तेव्हा नवा आडवा रस्ता गाड्या सुसाट सुटाव्यात म्हणून बांधायचाच नाही. तो आखूड, दोनच मार्गिकांचा, सलग पदपथ असलेला, ताशी तीसच्या वेगाचा हवा, आणि जड वाहनांना तिथे मज्जाव हवा.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा असतो: रस्ता वाढवला की वाहनंही वाढतात. खरं आहे. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतल्या शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं की महामार्गांची लांबी जितकी वाढते, जवळजवळ तितक्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते. पण हा दाखला महामार्ग रुंद करणाऱ्यांना जास्त लागू पडतो. आखूड जोडरस्त्याने वळसा वाचतो. ज्याला आज समोरच्या बाजारात जायला दोन चौक फिरून यावं लागतं, तो उद्या सायकलने, कदाचित पायीही जाईल. मात्र हाच रस्ता चौपदरी केला की तो ट्रकवाल्यांची आडवाट होईल, आणि आक्षेप अक्षरशः खरा ठरेल.

दुसरा आक्षेप सेक्टरवासीयांचा: बाहेरची गर्दी आमच्या शांत गल्ल्यांत कशाला? ही भीती उगाच नाही. म्हणूनच नवी तोंडं सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांना न जोडता सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूसारख्या मोठ्या रस्त्यांनाच जोडावीत, आणि शाळांजवळ रस्ता ओलांडण्याच्या जागा उंच कराव्यात. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, तो पोटाचा आहे. उत्तरेकडे रस्ता काढायचा म्हणजे सुपेल्याच्या दाट बाजारातून काढायचा, आणि तिथला रविवारचा बाजार तर रस्त्याच्या कडेलाच भरतो. फेरीवाल्यांविषयीचा २०१४ चा कायदा सांगतो की सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही उठवता येत नाही. तेव्हा आधी विक्रेत्यांची मोजदाद, मग त्यांची जागा नकाशावर, आणि त्यानंतर रस्त्याची रेघ, असा क्रम हवा. नागपुरात महालातल्या केळीबाग रस्त्याचं रुंदीकरण किती वर्षं रखडलं, ते विदर्भाशी नातं असलेल्या भिलाईकरांना वेगळं सांगायला नको. दुकानं पाडायची वेळ आली की भलेभले नकाशे गुंडाळले जातात.

आणि मालकी? महामार्ग केंद्राचा, रूळ रेल्वेचे, दक्षिणेची बरीचशी जमीन इस्पात संयंत्राची, उत्तरेचे रस्ते महापालिकेचे. एका अंडरब्रिजचा उतार एकाच्या हद्दीत सुरू होतो आणि चढ दुसऱ्याच्या हद्दीत संपतो. पावसाळ्यात मधल्या खोलगट भागात पाणी साचलं की त्याला वाली नसतो. म्हणून नव्या जोडरस्त्याची निविदा काढण्याआधी चौघांनी एका कागदावर सह्या कराव्यात: गाळ कोण काढणार, दिवे कोण बदलणार, पंपाचं वीजबिल कोणाच्या नावावर येणार. कंत्राटदाराला पहिला हप्ता देण्याआधी हा कागद तयार हवा.