पहिल्या रांगेत कोण बसलंय?

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



उन्हाळ्यात गावाकडं काय बघण्यासारखं असतं, यावर बोला म्हणून मला इथं उभं केलंय. तुम्ही शहरातली पोरं. चाळीत, झोपडपट्टीत, बीडीडीच्या खोलीत वाढलेली. परीक्षा संपली की आजोळी जाता. तिथं उकडतं, लाईट जाते, दोन दिवसांत कंटाळता. म्हणून मी तुम्हाला जत्रेतल्या तमाशाला जा म्हणणार आहे. पण गोड गोड सांगणार नाही. तमाशा गोड गोड सांगण्याची गोष्ट नाही. निदान आपल्या घरात तरी नव्हती.

आमच्या वडिलांची एक आत्या होती. आम्ही तिला आज्जी म्हणायचो. बाराव्या-तेराव्या वर्षी ती फडात गेली, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वर्षभरात फड सोडून घरी आली. त्यानंतर आमच्या घरात तमाशाचं नाव काढायची सोय नव्हती. रेडिओवर लावणी लागली की वडील उठून बटण फिरवायचे. आज्जी काही बोलायची नाही. ती सुपात बाजरी पाखडत असायची. फक्त तिची बोटं सुपाच्या कडेवर चालायची. ते नुसतं पाखडणं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

तर आधी कुठं आणि कधी, ते सांगतो.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानं पाऊणशे किलोमीटर गेलं की नारायणगाव लागतं. तालुका जुन्नर. याला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे इथं राहुट्या पडतात. प्रत्येक फडाची एक राहुटी, बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत मॅनेजर वही घेऊन बसलेला. गावोगावचे गावकरी जीप भरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. सुपारी म्हणजे खेळाचा ठरलेला पैसा. भाव तिथीवर ठरतो. चैत्री पौर्णिमा, काळाष्टमी, अक्षय्य तृतीया या दिवशी एकाच वेळी गावंच्या गावं जत्रा करतात. फड थोडे, गावं फार. मग भाव चढतो. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, पण पोट भरतं ते या चैत्र-वैशाखाच्या दीड महिन्यात. आणि हंगाम संपतो कधी, ठाऊक आहे? बुद्धपौर्णिमेला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

जत्रेचा दिवस असा असतो. सकाळी देवाचा अभिषेक, मग नैवेद्य. दुपारी कुस्त्यांचा फड, जुन्नर-आंबेगाव-खेड भागात घाटावर बैलगाडे. रात्री पालखीचा छबिना. छबिना देवळाशी आला की लोक तमाशाच्या स्टेजकडं सरकतात. गावानं सुपारी दिलेली असेल तर तिकीट नाही. नसेल तर कनात लागते आणि तिकीट काढावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजेरी होते, म्हणजे दिवसाचा खेळ. रात्रीची गर्दी नसते, तेव्हा गाणं नीट ऐकू येतं. जाणकार म्हातारे हजेरीलाच येऊन बसतात. तुम्हीही बसा.

खेळ सुरू होतो तो ढोलकी-हलगीच्या जुगलबंदीनं. मग गण. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि गवळणींच्या पुढं लुगडं नेसलेला पुरुष, ती मावशी. देव वाट अडवून दाण मागतो आणि मावशी त्या देवाची सालटी काढते. देवळासमोर, देवाच्याच जत्रेत. मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग.

या सगळ्यात सोंगाड्याकडं बघा. वगात तो राजाचा हुजऱ्या असतो, चाकर असतो. त्याला उलटा प्रश्न विचारायची मुभा असते. राजा म्हणतो, प्रजा सुखी आहे का? सोंगाड्या म्हणतो, कुठली प्रजा, वाड्यातली का वाड्याबाहेरची? संहिता कागदावर नसते. तो उभ्या उभ्या बोलतो. समोर सरपंच, पाटील, कारखान्याचा संचालक बसलेला असतो आणि स्टेजवरचा मांगाचा माणूस त्याच्या तोंडावर त्याचीच टिंगल करतो. तोही हसतो, कारण सगळं गाव हसत असतं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ज्याला मान खाली घालावी लागत होती, तो या एका रात्री मान वर करून बोलत होता. तमाशाची खरी ताकद मला इथं दिसते.

हे कुणाचं आहे? मराठी रंगभूमीचा इतिहास सांगणारे १८४३ च्या सांगलीपासून सुरू करतात, विष्णुदास भाव्यांपासून. ठीक आहे. पण त्याच सांगलीकडच्या सावळजच्या उमा-बाबू या मांगांच्या फडानं १८६५ च्या सुमाराला 'मोहना-बटाव' हा वग उभा केला, हे तुमच्या शाळेत कुणी सांगितलं का? तमाशा जगवला तो महार, मांग, कोल्हाटी यांनी. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ब्राह्मणपण सोडून या फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले, तेव्हा त्यांची कवनं लोकांच्या काळजात घातली ती पवळेनं. हिवरगाव पावसा या गावची, महाराची पोर. बापूरावांचं नाव शाहीर म्हणून राहिलं. पवळेचं नाव 'बापूरावांची पवळा' म्हणून राहिलं.

स्वातंत्र्य आल्यावर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. पुढं ती उठवली, पण अश्लीलता काढा या अटीवर. अश्लीलता म्हणजे काय, ते ठरवणारे पांढरपेशे. त्याच पांढरपेशांनी मग तमाशाचा सांगाडा उचलला आणि थिएटरात नेला. १९६५ ला 'विच्छा माझी पुरी करा' आलं, चांगलं चाललं, त्याबद्दल माझं भांडण नाही. १९७२ ला 'पिंजरा' आला. त्यात काय दाखवलं? तमाशातली बाई आली आणि आदर्श मास्तर बिघडला. सगळ्या महाराष्ट्रानं मास्तरसाठी डोळे पुसले. त्या बाईला फडात कुणी आणलं, तिच्यावर उचल किती होती, ती म्हातारी झाल्यावर कुठं गेली, हे कुणाला पडलं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, एवढं आपलं होतं तर आपण सोडलं का?

बरोबर विचारलंत. पठ्ठे बापूराव चळवळीसाठी तमाशाचे पैसे द्यायला गेले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीगत आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आमच्या बायांना नाचवून आलेला पैसा नको, हा तिचा अर्थ. त्यात कलेचा अपमान नव्हता. नाच बघून शिट्टी मारणारा आणि सकाळी त्याच बाईच्या सावलीचा विटाळ मानणारा, असा जो समाज होता, त्याला ते उत्तर होतं. म्हणून आज्जी फड सोडून आली ते बरोबरच झालं. मी तिला एकदा विचारलं, आज्जी, वाईट वाटलं का गं? ती म्हणाली, "पोरा, नाचायचं वाईट नव्हतं रं. पैसा धरायला पुढं जायचं, त्याचं वाईट होतं. नोट दुरून दाखवायचे. हात धरल्याबिगार सोडायचे न्हाईत."

हे ऐकल्यावर कला, संस्कृती, वारसा हे शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाहीत.

पण आपल्या माणसांनी तमाशा नुसता टाकला नाही, हेही ऐका. १९३० नंतरच्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्यांनी नाचणारी बाई काढली आणि ढोलकी ठेवली. बतावणी ठेवली. वगात पाणवठा आणला, शाळा आणली, मेलेली ढोरं ओढायला नकार देणारा पोरगा आणला. अण्णाभाऊ साठे पोरवयात नात्यातल्याच तमाशात वावरले आणि पुढं १९४४ ला अमर शेख, गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहिले. त्यांनी गणातला गणपती उठवला आणि तिथं मायभूला वंदन घातलं. खोड ठेवलं आणि किडलेली फांदी छाटली. याला अक्कल लागते. आपल्याकडं ती होती.

मग बिघडलं कुठं? आपण पुढं निघून आलो आणि फडात जे राहिले त्यांच्याकडं पुन्हा वळून पाहिलं नाही. विठाबाई नारायणगावकर. भाऊ-बापूंच्या फडातली, मांगाची लेक. नऊ महिन्यांची पोटुशी असताना स्टेजवर नाचत होती. कळा आल्या तशी आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आली, ही गोष्ट महाराष्ट्रानं कौतुकानं सांगितली. मला त्यात कौतुक दिसत नाही. पब्लिक उठून जाईल, सुपारी बुडेल, ही धास्ती दिसते. तिला राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. २००२ ला ती गेली, ती कर्जात आणि आजारात. पुढं सरकारनं तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार काढला. आपल्याकडं आधी माणूस उपाशी मरतो, मग त्याच्या नावानं शाल वाटतात.

आज फड कसा चालतो? मोठ्या फडात शंभरावर माणूस. कलावंत, वाजवणारे, आचारी, तंबू ठोकणारे, ट्रकवाले. पावसाळ्यात खेळ नाही, म्हणून मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर नाचून फेडायची. मालकही सावकाराकडून व्याजानं आणतो. एक अवकाळी पाऊस झाला, एक गावानं सुपारी बुडवली की सगळी साखळी कोसळते. करोनात २०२० आणि २०२१ असे दोन्ही जत्रांचे हंगाम बुडाले. तेव्हा ढोलकी वाजवणारे हात मजुरीला गेले, भाजी विकायला बसले.

आणि रात्री दहाची वेळ. २००० सालापासून आवाजाचा नियम आहे. दहानंतर भोंगा बंद. सरकार काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढीच. नियम वाईट नाही, आजारी माणसाला झोप पाहिजेच. पण छबिना संपेपर्यंत नऊ वाजतात. तासाभरात काय करणार? गण उरकायचा, गवळण उरकायची आणि पोरं ओरडतात म्हणून सिनेमाची गाणी लावायची. वग येतच नाही. पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा. म्हणजे काय झालं बघा: नाच उरला आणि बोलणं गेलं. सोंगाड्या राजाला प्रश्न विचारायचा, तोच भाग कापला गेला. ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

२००३ ला मी आज्जीला एका गावच्या जत्रेत घेऊन गेलो. वडील तोवर वारले होते. ती सत्तरीची. डोळ्यांनी अधू झालेली. आम्ही मागं, बायकांच्या बाजूला बसलो. ढोलकी सुरू झाली तशी तिनं माझा दंड धरला. म्हणाली, "पहिल्या रांगंत कोन बसलंय?" मी म्हणालो, सरपंच आहेत, कारखान्याचे लोक आहेत, पुढारी आहेत. म्हणाली, "मंजी तेच." थोड्या वेळानं दहा वाजले, हवालदार स्टेजजवळ आला आणि राजा दरबारात येण्याआधीच पडदा पडला. लोक उठले. आज्जी उठेना. मी म्हणालो, चल, संपलं. ती म्हणाली, "संपलं कुठं? खेळ झालाच न्हाई अजून."

मित्रांनो, या उन्हाळ्यात जा. पण तिचा प्रश्न बरोबर घेऊन जा. पहिल्या रांगेत कोण बसलंय आणि स्टेजवर कोण उभं आहे, हे दर वेळी बघा. नोट दाखवून बाईला पुढं बोलावणारा तुमचा दोस्त असला तर त्याचा हात खाली घ्या. सिनेमाच्या गाण्याला शिट्टी मारू नका, वग मागा. मोठ्यानं मागा. चार पोरांनी मागितला तर फडवाला खुशीनं लावतो, त्यालाही तोच करायचा असतो. गावच्या बैठकीत तुमचा काका-मामा बसत असेल तर त्याला सांगा, छबिना लवकर काढा आणि खेळ सातला सुरू करा. सकाळी हजेरीनंतर राहुटीत जा. म्हाताऱ्या सोंगाड्याला चहा पाजा. त्याला तोंडपाठ असलेले वग वहीत उतरवून घ्या. मोबाईल आहे ना तुमच्याकडं? मग त्याच्या परवानगीनं त्याचा आवाज धरून ठेवा. त्याच्याबरोबर ते सगळं मातीत जाणार आहे.

याच चैत्राच्या दिवसांत चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत जयंतीचा मांडव पडतो. तिथं गायन पार्टी असते, भीमगीतं असतात. तिकडं जत्रेचं स्टेज, इकडं जयंतीचं स्टेज. दोन्हीवरची ढोलकी एकाच घरातली आहे. जयंतीच्या मांडवात डीजेला पैसे देता, त्यातला थोडा वाटा काढून एखाद्या वर्षी एका फडाला वगाची सुपारी द्या. नोटा उधळायच्या नाहीत, दौलतजादा नाही, ठरलेला पैसा आधी हातात. पहिल्या रांगेत आपल्या आया-बहिणी बसतील. फडातल्या बाईनं त्या रांगेकडं बघून गावं आणि तिला कुणाचा हात चुकवावा लागू नये.

हंगाम बुद्धपौर्णिमेला संपतो, असं मी सुरुवातीला म्हणालो. त्या रात्री फड तंबू उतरवतात, घुंगरं पेटीत जातात, हिशेब होतात. कुणाची उचल फिटते, कुणाची फिटत नाही. तुम्ही विहारात मेणबत्ती लावत असाल तेव्हा दहा कोसांवर हे चाललेलं असतं, एवढी आठवण ठेवा.

आज्जी २००९ ला गेली. तिला तो वग मी काही दाखवू शकलो नाही. तुम्ही बघा.

जय भीम.